घोड्याची झूल

हकनॉल गावच्या मंगळवार मंडळात नेव्हिल हॅलमचा विषय निघाला की कोणीतरी विटकरी पिशाच्चांची गोष्ट काढतंच. पंचवीस वर्षं झाली, तरी ती शिळी होत नाही. सांगणारा दर वेळी नवी फोडणी देतो.

गोष्ट एवढीच, की नेव्हिल तेव्हा तिशीचा होता आणि मंडळात नवा होता. खेळातल्या लढाईच्या टेबलावर मांडायला त्याने चाळीस प्लॅस्टिकची पिशाच्चं रंगवून आणली, बोटाच्या दोन पेरांएवढी एकेक. त्यांचे सुटे भाग ज्या डब्यातून आले, त्यावरच्या चित्रात ती हिरवीगार होती. नेव्हिलने महिनाभर खपून रंगवली, छाती फुगवून टेबलावर ओळीने उभी केली, आणि सगळे जवळ येऊन बघायला लागले.

"नेव्ह," कोणीतरी विचारलं, "उन्हात ठेवली होतीस का रे?"

"का?"

"नाही, भाजल्यासारखी वाटतायत."

"हिरवीच आहेत की!" नेव्हिल म्हणाला.

त्यावर जो हशा झाला, तो अजून पुरता थांबलेला नाही.

नेव्हिलला स्वतःला काही नवीन कळलं नव्हतं. सोळाव्या वर्षी तो खाणीत विजेचं काम शिकायला गेला होता. डॉक्टरने ठिपक्याठिपक्यांचं एक वर्तुळ पुढे धरलं. "यात आकडा कोणता?" नेव्हिल म्हणाला, "आकडा? कुठाय आकडा?" एवढ्यावर मुलाखत संपली. लाल तार आणि हिरवी तार ज्याला सारखीच, त्याला जमिनीखाली कोण पाठवणार? बाप खाणीतला. तोच त्याला बसमधून घरी घेऊन आला. दारात बूट काढताना म्हणाला, "मग आता मोजे कर."

मोज्यांच्या गिरणीत नेव्हिलने एकतीस वर्षं काढली. यंत्रांच्या सुया बसवायचं काम. सुई केसभर वाकडी झाली की ओळखायची, काढायची, दुसरी बसवायची. डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त. गिरणी बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी घड्याळं नेली, खुर्च्या नेल्या. नेव्हिलने आपला चिमटा नेला. आता तो मोठ्या दुकानाच्या आवारात सामानाच्या गाड्या गोळा करतो, आणि मंगळवारी संध्याकाळी खाणकामगारांच्या हॉलमध्ये असतो. खाण कधीच गेली, हॉल राहिला.

त्या विटकरी संध्याकाळी हसणाऱ्यांमध्ये क्लाइव्ह बेक्सनही होता. दुकानांच्या पाट्या रंगवणारा. आधी हसून घेतलं, मग चहाचे दोन कप घेऊन तो नेव्हिलच्या शेजारी येऊन बसला. एक पिशाच्च उचलून त्याने उजेडात फिरवलं.

"ह्याचा हात असा नसतो. माझ्याकडे पण आहे हा डबा."

"दुसऱ्या डब्यातला लावलाय."

"आणि हे डोकं?"

"तिसऱ्या."

"सांधा कुठाय?"

"दिसला तर सांधा कसला?"

क्लाइव्हने ते खाली ठेवलं. "असं कर," तो म्हणाला, "तू जोड. रंग माझ्यावर सोड. तुझ्या हातात ब्रश म्हणजे माकडाच्या हातात वस्तरा."

तेव्हापासूनची ही जोडी.

मंडळात बाहुली म्हटलेलं खपत नाही. शिपाई म्हणायचं, मग तो राक्षस का असेना. तर डब्यातून निघणारे शिपाई नेव्हिलला कधी बघवलेच नाहीत. सगळे एकाच आईची लेकरं, सगळ्यांचा एकच पाय पुढे. तो एका डब्यातलं धड घ्यायचा, दुसऱ्यातले पाय, तिसऱ्यातलं डोकं. कापायचा, तासायचा, बारीक भोक पाडून आत तारेची खुंटी घालायचा, फट राहिली तर पुट्टीने भरायचा. तयार झाला की शिपाई करडा, चंदेरी, हिरवा असा ठिगळांचा दिसायचा. मग तो क्लाइव्हकडे जायचा. क्लाइव्ह आधी काळं अस्तर मारायचा. त्या एका हातासरशी सहा डब्यांचा माणूस एका आईचा व्हायचा. मग रंग चढायचे, आणि क्लाइव्हचे रंग म्हणजे काय, डोळ्यांच्या कडांना ओल दिसायची.

वार्षिक प्रदर्शनाचा चषक रंगकामाचा. त्यावर क्लाइव्ह बेक्सनचं नाव अकरा वेळा कोरलंय.

क्लाइव्ह मनाचा कोता नाही. पहिल्या वर्षीच तो म्हणाला, "ह्याचे दोन कान आहेत, एक तुझा." सहा महिने चषक त्याच्या घरी, सहा महिने नेव्हिलच्या. नेव्हिल तो पुसायचा, फडताळावर ठेवायचा. त्यावरची नावं मात्र वाचायचा नाही.

या वर्षी बेरिल स्टेंडलने जानेवारीतच जाहीर केलं की परीक्षक म्हणून अँसेल्म प्राइक येणार. बेरिल म्हणजे मंडळाची चिटणीस, खजिनदार आणि चहाची खिडकी. प्राइक म्हणजे नॉटिंगहॅमला शिपायांचे मूळ नमुने घडवणारा माणूस. ज्याच्यावरून साचे निघतात आणि जगभर डबे जातात, तो मूळ शिपाई ह्याच्या बोटांतून उतरतो.

नेव्हिलच्या मनात त्या दिवशी एक गोष्ट बसली, ती उठेना. ह्या माणसाने आपलं काम बघावं. रंगाखालचं नव्हे, उघडं. सांधे, तारा, पुट्टी, सगळं. आणि बघून दोन शब्द बोलावेत, तेही आपल्याशी. एवढंच.

क्लाइव्हला हे कसं सांगणार? "तुझे रंग नकोत" असं पंचवीस वर्षांच्या मित्राला कुठल्या तोंडाने म्हणायचं? फेब्रुवारीत क्लाइव्हनेच विचारलं, "यंदा काय जोडतोयस?"

"यंदा काही नाही. डोळे दुखतात."

"बरं झालं बाबा," क्लाइव्ह म्हणाला. "लोर्नाचं कंबरेचं ऑपरेशन आहे. मला तरी कुठला वेळ?" लोर्ना म्हणजे त्याची बायको.

नेव्हिलला हायसं वाटलं, आणि लाजही वाटली. मग त्याने काम काढलं.

मॉस्कोहून बर्फातून परतणारा नेपोलियनचा शिपाई. डब्यातला फ्रेंच शिपाई कवायतीला निघाल्यासारखा ताठ. नेव्हिलने त्याचं फक्त धड ठेवलं. पाय मध्ययुगातल्या कुणब्याचे, गुडघ्यात वाकलेले. एका पावलाला पुट्टीचं फडकं गुंडाळलं. दाढीवालं डोकं एका जुन्या धातूच्या संन्याशाचं. उजवा हात तोफखान्यातल्या गड्याचा. त्या हातात तोफगोळा होता, तो तासून त्याने बुटक्यांच्या डब्यातलं पातेलं दिलं. बंदूक नाहीच. उपाशी माणूस बंदूक टाकेल, पातेलं टाकणार नाही.

आणि अंगावर पडदा. राजवाड्यातून लुटलेला, गोंड्यांचा, जाड पडदा, थंडीसाठी लपेटलेला. असला पडदा कुठल्या डब्यात मिळणार? तीन आठवडे नेव्हिल शोधत होता. मग सरदारांच्या डब्यातला घोडा हाती आला. घोड्याच्या अंगावर जमिनीपर्यंत लोंबणारी झूल. ही घोड्यावरून उतरवून माणसाच्या खांद्यावर घालायची!

सांगायला सोपं आहे. झूल आतून तासत तासत कागदाएवढी करायची, किटलीच्या वाफेवर धरायची, मऊ झाली की एका श्वासात खांद्यावरून वळवायची. पहिली तडकली. दुसरी वितळून गोळा झाली. तिसरी चांगली बसली, पण माणसाने घोडा पांघरल्यासारखी दिसायला लागली. चौथी, पाचवी. गाड्या ढकलून सुजलेली बोटं वाफेत भाजायची. सहावी बसली. गळ्याशी डाव्या मुठीने आवळलेली, आणि त्या मुठीतून खाली पडलेली चुणी इतकी खरी, की नेव्हिलने चिमटा खाली ठेवला आणि नुसता बघत बसला. चार महिने गेले होते त्या झुलीत.

प्रदर्शन शनिवारी. मांडायचे शिपाई गुरुवारी द्यायचे. नेव्हिलने आपला शिपाई तसाच, ठिगळांचा, बेरिलपुढे ठेवला.

"नेव्हिल, बदका, हे अर्धवट आहे." बेरिल सगळ्यांनाच बदक म्हणते. इथली पद्धतच ती.

"अर्धवट नाही. पुरं झालंय."

"रंग कुठाय ह्याला?"

"नाही."

"मग अर्धवट."

"बेरिल, तू केक करतेस. वर साखरेचा लेप नसला तर काय तो केक नसतो?"

"माझ्या घरात नसतो." तिने नियमांची वही काढली. "किमान तीन रंग. पायाखालच्या चकतीवर रंगवलेली जमीन. हे काय माझ्या मनचं नाही, तूसुद्धा सही केली होतीस."

"मोज मग. करडा एक. हा दुसरा करडा. धातूचा चंदेरी. पुट्टीचा हिरवा धरलास तर चार."

"तुला दिसतो हिरवा?"

"ऐकून आहे."

बेरिलला हसू आवरेना. चष्मा काढून तिने डोळे पुसले, मग तो परत लावून शिपायाकडे नीट पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"ही घोड्याची झूल का रे?" ती हळूच म्हणाली.

"हो."

"अगं बाई!" तिने वही मिटली. "ठेव. काय ते प्राइकसाहेबच ठरवतील. पण नापास झालास तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

नेव्हिलने आपल्या हाताने चिठ्ठी लिहिली. 'नेव्हिल हॅलम. सहा डब्यांतून.' बेरिलने शिपाई काचेच्या कपाटात ठेवला. त्या रात्री नेव्हिलला गाढ झोप लागली.

शनिवारी दाढी करून, ठेवणीतला कोट घालून तो हॉलवर पोचला, तेव्हा प्राइक यायला अर्धा तास होता. नेव्हिल कपाटापाशी गेला. दुसऱ्या फळीवर त्याचा शिपाई नव्हता. पहिल्या फळीवर, बरोब्बर मधोमध, दिव्याखाली, एक शिपाई होता. दाढीत बर्फाचे कण होते, नाक थंडीने फुटलेलं होतं, पायाखाली चिखल कालवलेला बर्फ होता. हातात पातेलं. अंगावर मातकट काहीतरी लपेटलेलं.

"बघ बघ, लाल बघ!" मागून क्लाइव्हचा आवाज आला. "तुला दिसायचा नाही म्हणा. पण सगळा हॉल वेडा झालाय त्या लालावर. किरमिजी आणि वर जरीची वेलबुट्टी. तोंड मिट नेव्ह, माशी जाईल."

नेव्हिलने तोंड मिटलं.

"काल दुपारी कपाटाचा दिवा बदलायला आलो," क्लाइव्ह सांगत होता. डोळे तारवटलेले, बोटांवर रंग, चेहरा मात्र लग्नघरासारखा. "तर हा उघडाच उभा! मला असं गलबलून आलं. म्हटलं, बघा, डोळे दुखत असताना ह्याने एवढं जोडलं, आणि लोर्नाचं दुखणं आहे म्हणून मला एका शब्दाने म्हणाला नाही. तसाच लाज गिळून अर्धवट ठेवून गेला. मी लोर्नाला सांगितलं. ती म्हणाली, माझं मी बघते, तू आधी नेव्हिलचं काम कर. बसलो ते आज पहाटे उठलो."

नेव्हिलने चिठ्ठी बघितली. छापील होती. 'रंगकाम: क्लाइव्ह बेक्सन.'

चहाच्या खिडकीतून बेरिल मान वाकडी करून बघत होती. नेव्हिल तिच्याकडे गेला.

"बेरिल, कसं दिलंस?"

"म्हणजे?" तिचा चेहरा उतरला. "तो म्हणाला, आमचा शिपाई रंगवायचा राहिलाय. तुमचं नेहमीचंच. मला वाटलं, तुझं मन बदललं असेल." मग आवाज खाली आणून, "तू त्याला सांगितलंच नव्हतंस?"

"नाही."

"बदका रे!" बेरिल म्हणाली, आणि न मागता त्याच्यापुढे चहा ठेवला.

प्राइक आला. बारीक, वाकलेला, कोटाच्या खिशात भिंग. कपाटापुढून तो भराभर पुढे सरकत होता, तो मधल्या शिपायाशी थांबला. भिंग काढलं. मागून बघितला, खालून बघितला. लोर्ना दोन कुबड्यांवर क्लाइव्हच्या शेजारी उभी होती. नेव्हिल चार पावलं मागे, कप हातात.

"हा कोणत्या साच्यातला?" प्राइकने विचारलं. "बाजारातला झाडून सगळा माल मला ठाऊक आहे. हा मी कधी बघितला नाही. कोणी घडवलाय?"

सहा डब्यांतला माणूस त्याला एकाच हाताने घडवलेला वाटला होता. नेव्हिलने एक पाऊल पुढे टाकलं.

"साचा नाही साहेब!" क्लाइव्ह पुढे झाला. "जोडलाय. हा आमचा नेव्हिल, ह्याने. अरे ये ना पुढे! लाजतो फार."

"जोडलाय?" प्राइक वळला. "कशातून?"

हीच घटका होती. नेव्हिलने तोंड उघडलंही. पण क्लाइव्हला आज मित्राचं कौतुक सांगायचं होतं, पोटभर, सगळ्यांदेखत. त्याने आधीच सुरुवात केली होती.

"हे बघा, डोकं बुटक्यांच्या डब्यातलं. दाढी आहे ना, म्हणून. पातेलं... ते त्याने कोरलं असणार. पाय फ्रेंचच, जरा वाकवलेत. आणि हात, हात कुठला रे? असो, कुठला तरी. बाकी धड आणि हा पडदा डब्यातलाच, त्याला काही करावं लागलं नाही. त्यामुळे मला रंगवायला कसा सलग मिळाला! हो ना रे, नेव्ह? पडदा डब्यातलाच ना?"

नेव्हिल त्याच्याकडे बघत राहिला. पंचवीस वर्षं प्रत्येक शिपाई ह्याच्या हातातून गेला होता. ह्यानेच त्यांचा कोपरा न् कोपरा ब्रशने चाचपला होता. आणि ह्याला एकही सांधा ठाऊक नव्हता. कुणब्याचे पाय ह्याला फ्रेंच वाटले. संन्याशाचं डोकं बुटक्याचं वाटलं. हा कधी बघतच नव्हता. अस्तर मारून झाल्यावर बघायला लागत होता.

खरं सांगता आलं असतं. 'ती झूल आहे, सरदाराच्या घोड्याची, सहावी, पाच फुकट गेल्या.' पण दाखवायला आता काय होतं? वर किरमिजी होता, जरीची वेलबुट्टी होती. आता नुसतं तोंडाने सांगायचं होतं, आणि तोंडानेच सांगायचं असतं तर चार महिने वाफेत बोटं कशाला भाजली? शिवाय सगळ्यांसमोर क्लाइव्ह खोटा पडला असता. लोर्ना कुबडीवर वाकून नेव्हिलकडे बघून हसत होती, कौतुकाने.

"हो," नेव्हिल म्हणाला. "डब्यातलाच."

खिडकीतून बेरिल म्हणाली, "नेव्हिल!" एवढंच. नेव्हिलने तिच्याकडे बघितलं नाही.

"छान," प्राइक म्हणाला. भिंग खिशात गेलं. "नीटस जोडकाम आहे. पण रंग... रंग असा मी दहा वर्षांत बघितला नाही." आणि तो क्लाइव्हचा हात हातात घेऊन त्या लालाबद्दल विचारायला लागला. आधी कोणता थर, मग कोणता, जरीची नक्षी कशाने काढली. दोघं बराच वेळ बोलत उभे होते. नेव्हिलचा चहा निवला.

चषकावर क्लाइव्हचं नाव बाराव्यांदा कोरलं गेलं. क्लाइव्ह म्हणाला, "पहिले सहा महिने तुझ्याकडे." नेव्हिल म्हणाला, "राहू दे तुझ्याकडेच. माझ्या फडताळावर जागा नाही." क्लाइव्हला त्यात काही वावगं दिसलं नाही.

पुढच्या मंगळवारी नेव्हिल येणार नाही असं बेरिलने धरलं होतं. तो आला. येताना नवा डबा आणला, फ्रेंच शिपायांचाच. डब्यातला सूचनांचा कागद त्याने टेबलावर पसरला. तो कागद त्याने आजवर कधी उघडलाच नव्हता. घड्या पडून पडून वर येत होता, म्हणून त्यावर बशी ठेवली. आणि पहिल्या चौकोनापासून सुरुवात केली. एक नंबरच्या धडाला एक नंबरचा हात. दोन नंबरचं डोकं. ताठ मान, एक पाय पुढे, खांद्यावर बंदूक. प्लॅस्टिकच्या चौकटीतून भाग तोडताना राहिलेले कंगोरेसुद्धा त्याने तासले नाहीत.

बेरिल चहा घेऊन आली, ते बघून थबकली. "हे काय करतोयस?"

"सांगितलंय तसं."

ती कप ठेवून गेली.

क्लाइव्ह उशिरा आला. लोर्नाची एक कुबडी सुटली होती, स्वारी खुशीत होती. नेव्हिलने पुढे केलेला शिपाई त्याने उचलला, उजेडात धरला, सवयीने इकडून तिकडून फिरवला.

"वा! हा पण झकास जमलाय. ह्याला मी निळा देतो, मस्त गडद." त्याने तो रुमालात गुंडाळला. "किती दिवस लागले रे?"

"वीस मिनिटं."

क्लाइव्ह खो खो हसला. आजूबाजूचे बघायला लागले तसा त्याने नेव्हिलच्या पाठीवर थाप मारली. "वीस मिनिटं म्हणे! तुझं आपलं काहीतरीच असतं."